उघडं दार म्हणजे आमंत्रण का?

"ओळखीतल्या कुणाला तरी एकदा प्रार्थनेला घेऊन या," असं चर्चला नियमित जाणाऱ्यांना नेहमी सांगितलं जातं. ऐकायला साधी गोष्ट. पण तुम्ही मिशनच्या इतिहासावर काम करायचं म्हणत असाल तर या बोलावण्यापाशी जरा थांबा. बाप्तिस्म्याची रजिस्टरमध्ये नोंद होते, तारखेसकट. आमंत्रणाची नोंद सहसा कुणी करत नाही. ते कागदावर येतं ते बहुधा भांडण झाल्यावर. पुण्यात १८९० ते १८९३ या काळात अशी दोन भांडणं झाली आणि ती शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

पहिलं तुम्ही शाळेतच ऐकलं असेल. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. चहा-बिस्किटं समोर आली. गोपाळराव जोशींनी (हो, आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'ला दिली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपण हा किस्सा सुधारकांची फजिती म्हणून सांगतो. पण बघा, यात कुणी ख्रिस्ती झालं नव्हतं, होण्याचा प्रश्नही नव्हता. वाद फक्त इतकाच, की त्यांच्या अंगणात बोलावल्यावर तुम्ही गेलात का, आणि तिथलं काही तोंडाला लावलंत का.

पुढच्याच महिन्यात पंडिता रमाबाईंनी शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वॉन्टेजला झाला होता. त्यांना आसरा देणाऱ्या तिथल्या सिस्टरांचं काम पुण्यात या पंचहौदच्याच परिसरात चालायचं. तेव्हा शहराला संशय यायला वेगळं कारण लागलं नाही. सदनाचा खर्च बॉस्टनची रमाबाई असोसिएशन करत होती. तिने दहा वर्षांची हमी घेतली होती आणि अट अशी, की विधवांना शिक्षण द्यायचं, धर्म शिकवायचा नाही. रमाबाई म्हणत, मुलींना आपापले उपासतापास, पूजाअर्चा करायची मोकळीक आहे, मग मी माझ्या खोलीत मुलीसोबत प्रार्थना करताना दार का लावून घेऊ? काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना हाकललं नाही.

१८९३ मध्ये हे फुटलं. 'केसरी'ने झोड उठवली, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे बहुतेक लेख दोनपैकी एक बाजू घेतात. एकतर रमाबाईंनी फसवलं, नाहीतर सनातन्यांनी छळलं. मला दोन्ही वाचनं आळशी वाटतात. 'कुणी कुणाला बोलावलं' यापेक्षा 'नाही म्हणण्याची किंमत काय होती' हा प्रश्न लावून बघा. पंचहौदला गेलेल्यांना चहा नाकारून घरी जाता येत होतं. घर होतं, नोकरी होती. सदनातल्या कितीतरी विधवांना परतायला जागाच नव्हती. ज्यांच्या हातून आपल्याला जेवण मिळतं त्यांचं दार उघडं असेल, तर ते नुसतं दार राहत नाही. टीकाकारांचा हा मुद्दा खरा होता. मात्र त्यातल्या अनेकांनी या विधवांसाठी दुसरं एकही दार उघडलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं, आणि ही बाजू त्या काळच्या अग्रलेखांत शोधावी लागते.

मग गोदूबाईंकडे या. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, 'माझे पुराण' लिहिणाऱ्या बाया कर्वे. चार वर्षं रमाबाईंच्या सहवासात राहूनही त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. 'सक्ती नव्हती' याचा पुरावा म्हणून त्यांचं नाव हमखास दिलं जातं. पण त्यांना सदनात आणणारे भाऊ नरहरपंत पाठीशी होते. मार्च १८९३ मध्ये, म्हणजे वादळाच्या ऐन वर्षात, त्या लग्न करून सदनाबाहेर पडल्याही. एका बाईला नाही म्हणता आलं, यावरून बाकीच्यांनाही आलं असेल असं धरू नका.

म्हणून वाचायचा क्रम सुचवते. आधी 'माझे पुराण', मग रमाबाईंची पत्रं, शेवटी 'केसरी'चे १८९३ चे अंक. अग्रलेखांपासून सुरुवात केलीत तर त्यांचेच शब्द तुमच्या टिपणांत शिरतात आणि मग बाकीचं सगळं त्यांच्याच चष्म्यातून दिसायला लागतं. वाचताना दरवेळी समासात एवढंच लिहा: ही व्यक्ती नाही म्हणाली असती तर त्या रात्री झोपली कुठे असती?