सवाईची कुळकथा

डिसेंबर लागला की पुण्यात कपाटातल्या शाली बाहेर निघतात आणि माणसे एकमेकांना विचारू लागतात, "यंदा सवाईला येणार ना?" 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' हे पूर्ण नाव पत्रिकेवर छापलेले असते; तोंडी मात्र नुसते सवाई. मैदानातला मांडव, अंगाला झोंबणारा गारठा, पाच दिवसांचे गाणे-बजावणे आणि मांडीला मांडी लावून बसलेली हजारो माणसे, एवढे सगळे त्या एका शब्दात मावते. या शब्दाचे कूळ शोधत गेलो, तर महोत्सवाचेही कूळ हाती लागते.

शब्दाचा उगम हिशेबात आहे. संस्कृतात 'पाद' म्हणजे चौथा हिस्सा. पादासह असलेले ते 'सपाद'. बोलता बोलता झिजून त्याचे 'सवा' झाले. पादाने ऊन ते 'पादोन', त्याचे 'पाऊण'. जुन्या शाळांत पोरे पावकी, निमकी, पाऊणकी घोकत, तशीच सवायकीही घोकत: एकाचे सव्वा, दोनांचे अडीच, चारांचे पाच. सवाईने नेलेले धान्य सुगीला मणाला सव्वा मण परत करावे लागे.

पुढे हा हिशेब माणसांच्या नावांना चिकटला. जयपूर वसवणारे राजे सवाई जयसिंह. तिथल्या राजवाड्यावर मोठ्या निशाणाबरोबर पाव आकाराचे निशाण फडकते, ते या बिरुदाचेच. पुण्याला हा शब्द पेशवाईने दिला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर, १७७४ साली पुरंदरावर त्यांना मुलगा झाला. थोरल्या माधवरावांचे नाव त्याला दिले आणि पुढे सवाई लावले. दौलत सावरणारा माधवराव एकदा होऊन गेला होता. हा त्याहून पाव हिस्सा अधिक निघो, ही त्यातली आस. सवाई शब्दाचा स्वभाव इथे नीट कळतो. सव्वा व्हायला आधी एक असावा लागतो. पूर्वज नसेल तर सवाईपण नाही.

तिसरे सवाई गाण्यातले. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर, जन्म १९ जानेवारी १८८६. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे त्यांचे गुरू. रामभाऊंचा गळा जात्या गोड नव्हता, मेहनतीने घडवलेला होता. मैफलीत आवाज तापायला वेळ लागे, पण एकदा लागला की श्रोता हलत नसे, असे जुने जाणकार सांगत आले आहेत. संगीत नाटकांत ते स्त्रीभूमिका करत. त्या रंगभूमीवर नारायणराव राजहंस 'बालगंधर्व' म्हणून विराजमान होते. रामभाऊंची सुभद्रा पाहून अमरावतीत दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले, असे सांगतात. वयाने बालगंधर्वांपेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला हा गवई असा नावाने सवाई झाला. पण त्यांनी बिरुदाचा खरा अर्थ शिष्यांतून दाखवला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी: तिघांनीही गुरूची विद्या घेतली आणि आपापला पाव हिस्सा त्यात घातला.

भीमसेन गुरूपाशी पोहोचले ते फार लांबच्या वाटेने, आणि त्या वाटेवर हिवाळ्यातला आणखी एक उत्सव भेटतो. गदगचा हा मुलगा १९३३ साली गाण्याच्या ओढीने घर सोडून निघाला आणि भटकत जालंधरला गेला. तिथे देवी तलावाच्या काठी दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस, पंजाबच्या कडाक्याच्या थंडीत, हरवल्लभ संगीत संमेलन भरते. स्वामी हरवल्लभांनी आपले गुरू तुळजागिरी यांच्या स्मरणार्थ ते १८७५ साली सुरू केले. त्या संमेलनाला येणाऱ्या विनायकबुवा पटवर्धनांशी मुलाची गाठ पडली. तुझ्या मुलखातच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा, असा सल्ला बुवांनी दिला. मुलगा परतला, कुंदगोळात राहिला, गुरूच्या घरी पाणी भरले आणि गाणे शिकला. पुढे त्याच्या हातून पुण्यात गुरूच्या नावाचा उत्सव उभा राहिला. जालंधरच्या उत्सवाची ही नक्कल होती असे मी म्हणणार नाही. पण थंडीत, उघड्यावर, गुरूच्या आठवणीसाठी गाणारी माणसे भीमसेनांनी कोवळ्या वयात पाहिली होती, हे खरे.

दुसरे नाते मिरजेचे. अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. उरूस म्हणजे अवलियाची पुण्यतिथीच. जालंधरचा तलावकाठ, मिरजेचा दर्गा आणि पुण्याचा मांडव या तिन्ही ठिकाणी कूळ एकच दिसते: गुरू गेल्याचा दिवस रडून नाही, गाऊन पाळायचा.

सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात वारले. दुसऱ्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे, भीमसेन आणि आर्य संगीत प्रसारक मंडळ यांनी पहिला उत्सव केला. मूळ निमित्त पुण्यतिथीचे. पण सप्टेंबरच्या पावसात उघड्यावर हजारो माणसे बसणार कुठे? कोरड्या हवेचा डिसेंबर मैदानाला मानवला आणि शहराच्या अंगवळणी पडला. रेणुका स्वरूप शाळेचे पटांगण, मग शनिवारवाड्याजवळची रमणबाग आणि २०१८ पासून मुकुंदनगरातले महाराष्ट्रीय मंडळाचे मैदान, असा मुक्काम हलत गेला. स्वाइन फ्लूमुळे २००९ चा उत्सव पुढच्या जानेवारीत झाला. करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे खाली गेली. बाकी खंड नाही.

उघड्यावरच्या थंडीचा वाद्यांवरही अंमल चालतो. हवा बदलली की तंबोऱ्याच्या तारा बोलेनाशा होतात, तबल्याची शाई तीच असली तरी पुडीचा ताण बदलतो आणि हातोडीचे ठोके ऐकू येतात. नवख्याला हा वेळकाढूपणा वाटतो. जुना श्रोता तेवढ्यात शाल सारखी करतो, थर्मासमधला चहा शेजाऱ्याला देतो आणि तंबोऱ्याच्या जव्हारीवर कान ठेवतो. शेजारी अनोळखी असतो, निदान पहिल्या दिवशी.

रमणबागेत रात्रभर बसून पहाटेचा ललत किंवा भैरव कानात घेऊन घरी चालत जाणे आमच्या पिढीने अनुभवले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आला आणि ती रात्र संपली. आता दुपारी सुरुवात होते, दहाला थांबते. एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते. त्यात तोटा आहेच. उत्तररात्रीचे राग आपल्या वेळेला भेटत नाहीत. पण मुलतानी, भीमपलास, मारवा हे कलत्या उन्हातले राग आता त्यांच्या खऱ्या प्रहरी ऐकायला मिळतात, आणि शाळकरी मुलांना घेऊन येणारे आईबाप दुपारच्या मांडवात दिसतात. उद्याचा श्रोता तिथेच तयार होतो आहे.

भीमसेन २०११ च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी गुरूच्या नावाशेजारी शिष्याचे नाव जोडले गेले. एक होता, त्याला पाव मिळाला.

शेवटच्या रात्री सगळ्या कलावंतांचे गाणे-वाजवणे संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवी लावतात. ध्वनिमुद्रिका जुनी, आवाज खरखरीत. नेमक्या त्याच वेळी बरीच मंडळी सतरंज्या गुंडाळून वाहनतळाकडे धावतात. यंदा गेलात तर तेवढी पाच मिनिटे बसून राहा. पाच दिवस आपण सव्वा ऐकतो. त्यातला एक शेवटी वाजतो.