तेल खाणारे जिवाणू आणि जनुकांची कात्री

प्रकाशा येथे तापीच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या पालापाचोळा आणि निर्माल्य पडत आले आहे. ते कुजवून नाहीसे करण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करीत असतात. त्याबद्दल त्यांना कोणी वेतन दिल्याचे ऐकिवात नाही. मात्र खनिज तेल, कीटकनाशके, कारखान्यांची रसायने असल्या नव्या घाणीपुढे त्यांची गती मंदावते. तेव्हा या जिवाणूंनाच नवे गुण देऊन कामाला लावावे, असा विचार पुढे आला. त्या विचाराच्या आरंभी एक भारतीय उभा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

आनंद मोहन चक्रवर्ती हे बंगालमधील साइंथियाचे. १९७१ साली ते अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. काही जिवाणूंत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहानशी कडी असते. तिला प्लास्मिड म्हणतात. तेलातील निरनिराळे घटक पचविण्याची विद्या अशा निरनिराळ्या कड्यांत साठविलेली असते. चक्रवर्तींनी जिवाणूंचा संकर करून चार कड्या एकाच स्यूडोमोनास जिवाणूत आणल्या. त्यांतील दोन एकत्र नांदेनात, म्हणून अतिनील किरणांच्या साहाय्याने त्यांचा सांधा जुळविला. जनुके कापण्याची कात्री येथे मुळीच नव्हती.

१९७२ साली एकस्वासाठी अर्ज झाला. सजीवावर मालकी कशी देता येईल, असा वाद माजला, आणि १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल दिला. इतके रामायण झाले. पण तो जिवाणू समुद्रावर कधी सोडलाच नाही! आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथेच आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा-३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्याला लागले. त्या सफाईत टेरी या संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ वापरले गेले. त्यातील पाच जातींचे जिवाणू निसर्गातूनच निवडलेले. आणि त्यांना वाहून नेण्यासाठी भुकटी कशाची, तर दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसाची. सातपुड्यातील शेतकऱ्याला हे ऐकून मौज वाटेल.

दरम्यान हत्यारे मात्र झपाट्याने सुधारली. २०१२ साली क्रिस्पर नावाची कात्री हाती आली आणि तिच्याबद्दल शार्पांतिये व डाउडना या दोन विदुषींना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही युक्ती मूळची जिवाणूंचीच. विषाणूंचा डीएनए तोडण्यासाठी ते ती वापरतात. गंमत अशी की, बहुतेक जिवाणूंना तुटलेला डीएनए आपला आपण सांधता येत नाही; कात्री लागली की ते मरतात. म्हणून शास्त्रज्ञ दुरुस्तीचा नमुना सोबत देतात. ज्याने तो उतरवून घेतला त्याच्यात कात्रीची खूण उरत नाही, तो जगतो, बाकीचे संपतात. तेव्हा येथे कात्रीच चाळणीचे काम करते. पूर्वी ज्याला महिने लागत ते आता पुष्कळदा थोड्या आठवड्यांत होते.

परंतु काचेच्या नळीत जगलेला जिवाणू नदीत जगेलच असे नाही. तेथे त्याला अन्नासाठी स्थानिक जिवाणूंशी झुंजावे लागते, आणि जादा जनुकांचे ओझे अंगावर असते. उलट, तो फारच चांगला जगला तर त्याची प्लास्मिडे दुसऱ्यांकडे जाण्याची भीती! अमेरिकेत ओक रिज येथे १९९६ साली असा एक जिवाणू सोडला तो मातीच्या बंदिस्त टाक्यांत; रसायन भेटले की तो चमकत असे, म्हणजे पहारा करता यावा.

आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार जनुके बदललेला जीव उघड्यावर सोडण्यास केंद्राच्या समितीची परवानगी लागते. २०२२ साली काही जनुकसंपादित वनस्पतींना यातून सवलत मिळाली. जिवाणूंना ती नाही. तेव्हा उद्या कोणी तापीसाठी असा जिवाणू घेऊन आलाच, तर आपण नदीकाठच्यांनी त्याला आधी दोन प्रश्न विचारावेत: काम संपल्यावर हा मरणार कसा, आणि मेला हे तपासणार कोण?