भंडाऱ्याचं दुसरं मत

गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ साली. त्याआधी आम्ही भंडाऱ्यातच होतो. म्हणून १९५४ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूक ही आमचीही गोष्ट आहे, असं मी मानतो.

मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते, आणि त्यांच्या पक्षाशी फेडरेशनचा समझोता होता.

मेहता जिंकले. बाबासाहेब हरले.

हा निकाल नीट बघा. काँग्रेसला पाडायला लोक तयार होते, ते त्यांनी एका जागेवर करून दाखवलं. मग दुसऱ्या जागेवर का नाही? मला तरी एकच अर्थ लागतो. काही मतदारांना सत्तेविरुद्धचा युक्तिवाद पटत होता. पण जातीची उतरंडच मोडा म्हणणारा माणूस आपला प्रतिनिधी म्हणून पचत नव्हता. तिथे भाषणं संपतात आणि आतलं जुनं काहीतरी दार लावून घेतं.

अमेरिकेत पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४०च्या निवडणुकीत ओहायोतल्या एका काउंटीतल्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. प्रचारामुळे थेट दुसऱ्या बाजूला गेलेले फारच थोडे निघाले. बहुतेकांनी प्रचारातून आपलं आधीचंच मत पक्कं करून घेतलं. आज आपण फोनवर न पटणारा व्हिडिओ अंगठ्याने वर सरकवतो, तेही त्यातलंच.

पण भंडाऱ्यात आणखी एका माणसाने मन वळू दिलं नाही. कार्यकर्त्यांच्या आठवणींत येतं, की दुसरं मत कुजवा, कुणालाच देऊ नका, असा आग्रह काहींनी धरला होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. मतदानाचा हक्क ज्यांनी घटनेत लिहून घेतला, ते मत वाया घालवा म्हणून सांगणार कसे?

न बदलणं दोन्हीकडे होतं. एकीकडे ते जन्माने मिळालेलं होतं, दुसरीकडे विचार करून स्वीकारलेलं.

मग माणसं बदलतच नाहीत का? येवल्यात १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली ती १९५६ साली. स्वतःच्या माणसांसाठीही त्यांनी एकवीस वर्षं दिली. प्रचाराला मिळाले होते काही आठवडे.