पंचावन्न शुक्रवार आणि एक गुरुवार

गीतरामायणाचा वाढदिवस कधी, यावर आमच्या घरात दोन पक्ष होते. आजोबांच्या मते १ एप्रिलला, कारण पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं १ एप्रिल १९५५ ला लागलं. आजीच्या मते रामनवमीला. त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आले होते, त्यामुळे खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण आजी म्हणायची, "रामाचा जन्म कुठे तारखेने झाला होता?" आणि तिथे वाद संपायचा.

त्या दिवशी शुक्रवार होता. वेळ सकाळी पावणेनऊची. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात रेडिओ एकच, माडीवरच्या बिऱ्हाडात. तो लावला की दिवा पेटायचा, पण आवाज लगेच यायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे गप्प बसायचे. ती शांतता आजीच्या बोलण्यात इतक्या वेळा आली आहे की मीच ती ऐकल्यासारखं वाटतं. तळमजल्यावरच्या बायका चुलीवरचं उतरवून जिन्याच्या पायऱ्यांवर बसायच्या, पुरुष कचेरीचे कपडे घालून चौकात उभे राहायचे. माडीवरच्या काकूंनी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रेडिओला हार घालायला सुरुवात केली. पुण्यातल्या बऱ्याच घरांत तेव्हा हार-उदबत्ती सुरू झाली होती, असं त्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो.

आजी मात्र एका गोष्टीवर शेवटपर्यंत ठाम होती. आपण पहिल्या दिवशी ऐकलं ते रामजन्माचं गाणं, असं ती म्हणायची. ते खरं नाही. रामजन्म सहाव्या गाण्यात होतो, म्हणजे मे महिन्यात. पहिल्या दिवशी होतं ते कुश-लव रामासमोर बसून त्याचीच कथा गातात ते गाणं, सुधीर फडक्यांच्या आवाजातलं, भूपातलं. मी एकदा तिला यादी दाखवली. तिने चष्मा लावून ती नीट वाचली, परत दिली आणि म्हणाली, "असेल. पण रामनवमीचा सुंठवडा करून ठेवून आम्ही वर गेलो होतो." मी पुढे वाद घातला नाही. रामनवमीच्या सकाळी ज्या गळ्याने मन भरलं, त्याला तिने रामजन्म म्हटलं. गाणी माणसांच्या मनात तारखेप्रमाणे लागत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

या सगळ्याच्या मुळाशी सीताकांत लाड. पुण्याचं केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं, लाड तिथे होते आणि गीतरामायणाचे कवी गदिमा त्यांचे मित्र. वर्षभर आठवड्याला एक गाणं, सगळं मिळून रामकथा, अशी ती कल्पना. तो काळ लक्षात घ्यायला हवा. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळपास बंद पडली. तरुण पोरं बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लावून बसायची. केसकरांचा निर्णय मला आजही पटत नाही. पण त्याने मोकळ्या झालेल्या जागेत मराठी भावगीताला अंगण मिळालं, हेही तितकंच खरं. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात तेव्हा वाटणीच झाली होती. बुधवारची रात्र काकाआजोबांची, शुक्रवारची सकाळ आजोबांची.

पहिल्या गाण्याची एक गोष्ट पुण्यात घरोघर सांगतात. गदिमांनी गाणं लिहून चाल लावायला फडक्यांकडे दिलं आणि तो कागदच हरवला. गदिमा संतापले, पुन्हा लिहायला तयार होईनात. मग लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. थोड्या वेळाने दार उघडलं तेव्हा गाणं तयार होतं. सांगणाऱ्यागणिक या गोष्टीतला वेळ कमी होत जातो. आजोबांच्या तोंडी पंधरा मिनिटं होती, काकाआजोबांच्या तोंडी दहा. कडी मात्र प्रत्येकाच्या गोष्टीत असते.

आमच्याकडे या वर्षाची एक वही आहे. शाळेची, दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. गाण्यांना इतकी मागणी आली की पुण्यातली वर्तमानपत्रं त्या आठवड्याचं गीत छापू लागली. आजी ती कात्रणं कापून कणकेच्या खळीने वहीत चिकटवायची. खळीमुळे कसर लागली. काही ओळींमध्ये बारीक भोकं आहेत, उजेडात धरलं की चाळणीसारखी दिसतात. कागद पिवळा पडला आहे, पण शाई टिकून आहे. कोपऱ्यात आजीने पेन्सिलीने गाणाऱ्याचं नाव लिहिलं आहे. सीता म्हणजे माणिक वर्मा, कौसल्या म्हणजे ललिता फडके, राम म्हणजे फडके स्वतः. एका पानावर लता मंगेशकरांचं नाव ठळक गिरवलेलं आहे.

मधल्या काही पानांवर अक्षर बदलतं. त्या वर्षी आजीला सातवा लागला आणि ती माहेरी गेली, भोरच्या पलीकडे एका खेड्यात. तिथे वीज नव्हती, मग रेडिओ कुठला? तिची धाकटी नणंद, म्हणजे माझी आत्याआजी, तेव्हा पंधरा वर्षांची होती. वहिनीचं ऐकायचं राहू नये म्हणून ती शुक्रवारी माडीवर जाऊन ऐकायची, नंतर कात्रण कापायची, पाकिटात घालून पोस्टात टाकायची आणि सोबत चाल कशी होती ते लिहायची. "फार हळू आहे. मधे व्हायोलिन एकटंच रडतं." व्हायोलिन प्रभाकर जोगांचं, हे मी पुष्कळ पुढे वाचलं.

ते वर्ष अधिक भाद्रपदाचं होतं. वर्षात महिना वाढला, तसं रामकथेलाही चार आठवडे जास्त मिळाले. बावन्न ठरलेली गाणी छप्पन्न झाली. माझे वडील त्याच अधिक महिन्यात जन्मले. तेव्हा कथेत वनवास सुरू झाला होता. "इकडे मला मुलगा झाला आणि तिकडे दशरथ गेला," असं आजी सांगायची. दशरथाच्या मृत्यूचं कात्रण पोस्टाने आलं तेव्हा पणजीने ते पाकीट उघडूच दिलं नाही. बाळाच्या बारशानंतर देवाजवळून उचलून ते आजीच्या हातात दिलं. त्या पानावर कुंकवाचा एक पुसट डाग अजून आहे.

वडिलांचा खरा अधिक भाद्रपदातला वाढदिवस एकोणीस वर्षांनी येतो. १९७४, १९९३, २०१२. दर वर्षी आजी निज भाद्रपदात ओवाळायची, पण ही तीन वर्षं तिने अनारसे केले आणि ती वही पाटावर ठेवली. २०१२ मध्ये तिच्या हाताला कंप होता, अनारशाला जाळी नीट पडली नाही. तिला फार वाईट वाटलं. पुढचा अधिक भाद्रपद २०३१ मध्ये आहे.

मीही एकदा हिशेब करून पाहिला. पहिल्या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीच्या आधीपर्यंत पंचावन्न शुक्रवार येतात, आणि शेवटचं गाणं लागलं ते १९ एप्रिल १९५६ ला, गुरुवारी, त्या दिवशी रामनवमी होती म्हणून. म्हणजे आकाशवाणीनेही अखेर आजीचंच ऐकलं होतं, तिथीचं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ हसत होती. आजोबा तेव्हा नव्हते.

शेवटचं गाणं वाल्मीकींचं, भैरवीतलं. ते कुश-लवांना सांगतात की आता जा आणि रामासमोर हे रामायण गा. म्हणजे कथेच्या क्रमाने पाहिलं तर शेवटचं गाणं पहिल्याच्या आधी घडतं. वर्षभर ऐकून झालं की पोरं राजवाड्याच्या दाराशी उभी असतात आणि पुन्हा पहिलं गाणं सुरू होतं. गदिमांची ही रचना मला सगळ्यात मोठी वाटते. त्यांच्या एकेका शब्दाचं कौतुक पुष्कळांनी केलं, पण दर रामनवमीला हे गाणं संपत का नाही, याचं कारण त्यांनी पहिल्याच शुक्रवारी लिहून ठेवलं होतं.

२०२५ मध्ये सत्तर वर्षं झाली. रामनवमी ६ एप्रिलला, रविवारी आली. गदिमा, फडके दोघेही १९१९ चे. दोघांची जन्मशताब्दी होऊनही सहा वर्षं उलटली होती. पावणेनऊच्या सुमारास वडिलांनी मोबाइल पाटाजवळ ठेवला, वही उघडली आणि आत्याआजीला फोन लावला. ती तेव्हा पंच्याऐंशीची होती, कानाला यंत्र होतं.

"आत्या, पहिलं लावतोय, ऐक," वडील म्हणाले.

"थांब रे," ती म्हणाली. "आधी शेवटचं लाव. मग पहिलं."