‘फेरफार’ : एका कायदेशीर शब्दाचे अर्थांतर

नोंदणीस १५ वर्षे झालेली खाजगी मोटार पुनर्नोंदणीसाठी तपासणीस येते, तेव्हा दोन प्रश्न उपस्थित होतात. तिचा धूर मर्यादेत आहे काय, आणि ती नोंदणीपुस्तकात वर्णिलेली तीच गाडी आहे काय ? पहिल्याचे उत्तर यंत्र देते. दुसऱ्याचे ‘फेरफार’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहते.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३२ ने फेरफार निषिद्ध ठरविला नव्हता. नोंदीतील तपशील अयथार्थ ठरेल असा बदल अधिकाऱ्यास कळवून मान्यता घ्यावी, एवढेच बंधन होते. १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ ने आरंभी हीच रीत राखली. २००० सालच्या दुरुस्तीने मात्र प्रमाण पालटले : मान्य इंधनबदल वगळता, उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरफारास मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ग्राह्य धरला.

यातून एक विसंगती संभवते. निराळ्या बनावटीचे स्वच्छ इंजिन बसविलेली जुनी गाडी १९८९ च्या नियमावलीतील नियम ११५ ची धूरचाचणी सहज उत्तीर्ण होईल, पण नोंदणीत अडेल. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदमाला दिली. तेथेही सांगाडा, बाह्यकाया व इंजिन यांत मोठा बदल नसावा, अशी अट आहे. पूर्वी नोंद गाडीनुसार बदलता येई. आता गाडीनेच मूळ नोंदीशी एकनिष्ठ राहावयाचे आहे. ज्याच्या गाडीचे मूळ भाग मिळेनासे झाले, त्या मालकास हे अर्थांतर सर्वाधिक जाचते.