डोळ्याचा सुटलेला पडदा

मोतीबिंदू काढला, पट्टी सुटली, रोगी पुन्हां वाचूं लागला. आणि कांहीं महिन्यांनीं त्याच डोळ्यापुढें एका बाजूनें काळी सावली चढूं लागली, असा प्रसंग क्वचित् घडतो. दृष्टिपटल, म्हणजे बोलभाषेंतील डोळ्याचा पडदा, जागेवरून सुटल्याचें हें लक्षण होय. हें भय कोणत्या डोळ्यांना अधिक, हें वैद्यांना एका फसलेल्या उपायानें शिकविलें.

१८९० च्या सुमारास ऑस्ट्रियन साम्राज्यांतील नेत्रवैद्य विन्सेंझ फुकाला यांनीं तीव्र ऱ्हस्वदृष्टीच्या तरुणांच्या डोळ्यांतील निर्मळ भिंगच काढण्याचा पुरस्कार केला. जाड चष्मा सुटला, दूरचें दिसूं लागलें, आणि ही शस्त्रक्रिया युरोपांत गाजली. पण पुढें यांतील कित्येक डोळ्यांचे पडदे सुटले. चष्मा टाकावयास गेलेल्यांनीं दृष्टि गमावली, आणि तो उपाय मागें पडला.

कारण डोळ्याच्या घडणींत आहे. ऱ्हस्वदृष्टीचा डोळा लांबट असतो. त्याचा पडदा ताणून कडेला पातळ झालेला असतो. भिंग गेलें कीं मागील काचद्रव हलतो व पडद्यास ओढ बसते. तरुणपणीं हा द्रव पडद्यास घट्ट चिकटलेला असतो. म्हणून वृद्धापेक्षां तरुणास धोका अधिक. ओढीनें पडद्यास छिद्र पडतें, आणि त्यांतून पाणी मागें शिरून पडदा उचलला जातो. हें छिद्रच रोगाचें मूळ, असें लोझानचे झ्यूल गोनँ यांनीं ठासून सांगितलें व तापविलेल्या शस्त्राचा डाग देऊन तें बंद केलें. १९२९ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या परिषदेंत त्यांचें म्हणणें मान्य झालें. तोंपर्यंत हा रोग बहुधा असाध्यच मानीत.

पुढें १९६७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केलमन यांनीं ध्वनिलहरींनीं भिंगाचा चुरा करून तें लहान छेदांतून काढलें. या पद्धतींत भिंगाची मागली पिशवी शाबूत राहते, आणि ती काचद्रवाला आडोसा देते. आज हें संकट शंभरांत एखाद्यावरच येतें. परंतु पिशवी फाटून द्रव बाहेर आला, दुसऱ्या डोळ्याचा पडदा पूर्वीं सुटलेला असला, किंवा डोळ्यास मार बसला, तर भय वाढतें. पुरुषांनाहि तें स्त्रियांपेक्षां अधिक.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर, मग तिला वर्षें लोटलेलीं असोत, डोळ्यांत विजेसारखी चमक, अकस्मात् काळे ठिपके किंवा चढती सावली दिसली, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. गोनँ यांनीं दाखविलेलें छिद्र वेळेवर सांपडलें तर बुजवितां येतें. उशीर मात्र भरून येत नाहीं.