चार संकेतस्थळे आणि ४९९ कोटी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. मुंबईला ही चीज अगदीच नवखी नव्हती. जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत श्रीनिवासन रमाणी आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकापासूनच ‘अर्नेट’ हे संगणकांचे जाळे चालवत होते आणि देशातल्या संशोधन संस्थांचे ई-मेल तिथूनच परदेशी जात. पण तो कारभार प्राध्यापक आणि संशोधकांपुरता.

आता कुणीही पैसे भरून जोडणी घेऊ शकत होते. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत खाते मिळे, मात्र त्यावर नुसती अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. घरच्या फोनला मोडेम जोडायचा, नंबर फिरवायचा, एंगेज लागला की पुन्हा फिरवायचा. लागलाच, तर मोडेमची खरखर आणि किंचाळणे संपल्यावर काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटे. तोवर घरचा फोन अडकलेला आणि एमटीएनएलचे कॉलचे बिल वेगळेच. सुरुवातीला तर लाइनच मिळेना. इतकी ओरड झाली, की निगमाचे प्रमुख बी. के. सिंगल यांना पत्रकारांसमोर चूक कबूल करावी लागली. इंटरनेट वापरणाऱ्या हौशी मंडळींची संघटना बांधण्यात पुढे होते चक्क अभिनेते शम्मी कपूर. त्यांना संगणकाचे वेडच होते.

गंमत अशी, की भारतातले पहिले मोठे पोर्टल त्याआधीच सुरू झाले होते. आयआयटी मुंबईचे राजेश जैन अमेरिकेत शिकून, नोकरी करून १९९२ मध्ये मुंबईला परतले. आधीचे काही उद्योग फसल्यावर त्यांनी मार्च १९९५ मध्ये ‘इंडियावर्ल्ड’ काढले. भारतात ते पाहणार कोण? गिऱ्हाईक होते ते परदेशातले भारतीय. न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला मायदेशाची ताजी बातमी हवी होती, आणि टपालाने जाणारे वर्तमानपत्र पोचेपर्यंत शिळे होई.

पुढे याच घरातून बातम्यांसाठी ‘समाचार’, क्रिकेटसाठी ‘खेल’, शोधासाठी ‘खोज’ आणि पाककृतींसाठी ‘बावर्ची’ ही संकेतस्थळे निघाली. ‘समाचार’चे पान म्हणजे निरनिराळ्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांची यादी, मथळ्यावर क्लिक केले की त्या वर्तमानपत्राचे पान उघडे. सजावट जवळजवळ नाहीच. रांगत चालणाऱ्या मोडेमवरही ते झटपट दिसे, आणि लोक रोज तिथे येत ते त्यासाठीच.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने निगमाची मक्तेदारी मोडून खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची दारे उघडली. चेन्नईची सत्यम इन्फोवे, म्हणजे आजची सिफी, त्यात आघाडीवर होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये तिचा शेअर अमेरिकेच्या नॅस्डॅकवर १८ डॉलरला विक्रीस आला आणि काही महिन्यांत कित्येक पटींनी चढला. नोव्हेंबरअखेर तिने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. इंडियावर्ल्डची वर्षाची उलाढाल तेव्हा दोन कोटींच्याही आत होती.

हा हिशेब बसला कसा? त्या काळी बाजार नफा पाहत नव्हता, संकेतस्थळावर किती जण येतात ते पाहत होता. सत्यमकडे तारा होत्या, पण माणसे रोज यावीत असे काही नव्हते. ते इंडियावर्ल्डकडे तयार होते. शिवाय सगळी रक्कम एकदम मोजायची नव्हती. साधारण पाव हिस्सा आधी आणि बाकीचा पुढच्या वर्षी, त्यातही काही भाग शेअरच्या रूपात. चढलेला शेअर हेच चलन झाले होते.

मार्च २००० मध्ये नॅस्डॅक कोसळू लागला आणि ते चलन खोटे ठरले. मुंबईच्याच ‘रेडिफ’ या पोर्टलने त्या जूनमध्ये तिथे कशीबशी नोंदणी साधली. ४९९ कोटी म्हणजे किती, हे पुढे कळले. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र सरकारने विदेश संचार निगमातला २५ टक्के हिस्सा टाटांना १,४३९ कोटींना विकला. म्हणजे समुद्रातल्या केबलींपासून ग्राहकांपर्यंतचा सारा पसारा असलेल्या त्या कंपनीचे मोल साधारण पावणेसहा हजार कोटी ठरले. इंडियावर्ल्डला मिळालेली किंमत त्याच्या जवळपास बाराव्या हिश्शाइतकी होती.

जैन यांच्यापुरता सौदा वेळेवर झाला, बाजारापुरता तो फुगवट्याचा नमुना ठरला. सिफी मात्र टिकली. आज तिचा मोठा कारभार पोर्टलांवर नव्हे, तर जोडणी आणि डेटा सेंटरवर चालतो, आणि त्यांतली काही नवी मुंबईत, रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यात उभी आहेत.